शटर पाडण्याआधी मसुदा दाखवा

कायदा होण्याआधी त्याचा मसुदा लोकांना दाखवावा, ही मागणी वकील मंडळींची आहे असे समजून आपले व्यापारी बांधव तिच्याकडे लक्ष देत नाहीत. आमच्या मते ती सर्वात आधी गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाची मागणी आहे.

स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, वाचकांना आठवत असेलच. महापालिकेची जकात (नाक्यावरची, आपण रमजानमध्ये काढतो ती नव्हे) काढून त्या जागी हा कर आला. २०१० पासून काही महापालिकांत आणि १ एप्रिल २०१३ पासून पुणे, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत तो लागू झाला. नाका गेल्याचे दुःख कोणालाच नव्हते. पण शहरात येणाऱ्या मालाचा हिशेब आता दुकानदारानेच ठेवायचा, विवरणपत्र भरायचे आणि महापालिकेचा अधिकारी वह्या तपासायला येणार, हे बाजाराला खऱ्या अर्थाने कळले ते तारीख डोक्यावर आल्यावर. व्हॅटची वही आधीच होती, त्यात ही दुसरी. मग बंद, मोर्चे, मंत्रालयात बैठका. शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना सूट मिळाली, म्हणजे जवळजवळ सगळा बाजारच सुटला. उरलेसुरलेही १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर गेले. बंदच्या दिवसांची मजुरी हमालाला आणि हातगाडीवाल्याला मात्र कोणी भरून दिली नाही.

यातली गंमत पाहा. कायद्याखालचे नियम करताना पुष्कळ ठिकाणी पूर्वप्रसिद्धीची अट असते. मसुदा राजपत्रात छापून हरकती व सूचना मागवतात आणि त्या विचारात घेणे शासनाला भाग असते. म्हणजे अर्जाचा नमुना कसा असावा यावर आपल्याला बोलता येते. पण कर कोणावर बसावा हे ज्या विधेयकात ठरते, ते सभागृहात येईपर्यंत आपल्याला दाखवण्याचे बंधन नाही. आणि सभागृहाला तरी वेळ किती? २०२४ चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, अवघे सहा दिवस चालले.

कराचे दर आधी फुटले तर साठेबाजी होईल, असे अधिकारी सांगतात. दराबाबत ते खरे आहे. पण नोंदणी, वह्या, तपासणी आणि दंड यांत गुपित कसले?

केंद्र सरकारने २०१४ साली आपल्या मंत्रालयांसाठी धोरण ठरवले की विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते कसोशीने पाळले जात नाही ही गोष्ट वेगळी, आणि राज्यांना ते लागूही नाही. महाराष्ट्रात हे जमणार नाही असे मात्र कोणी सांगू नये. जनसुरक्षा विधेयकाला विरोध झाला तेव्हा ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते काही बदलांसह मंजूर झाले. बदल पुरेसे होते की नाही, यावर वाद आहे आणि राहील. पण सूचना घेता येतात, मोजता येतात, एवढे तर दिसले. आमचे म्हणणे इतकेच की व्यापाराशी संबंधित प्रत्येक विधेयकाला हीच वागणूक मिळावी, मसुदा सोप्या मराठीत निघावा आणि कोणती सूचना का नाकारली हे शासनाने लेखी सांगावे.

आपल्या संघटनांनाही एक सांगायचे आहे. निवेदनात नुसता तीव्र निषेध नको. कोणते कलम नडते, त्याने लहान दुकानाचा महिन्याचा खर्च किती वाढतो आणि त्याऐवजी काय हवे, हे आकड्यांनिशी लिहावे, अधिवेशनाआधी आपल्या आमदाराकडे आणि संबंधित खात्याकडे द्यावे, आणि त्याची पोच घ्यावी.