सुपारीत बाईचे नाव कुठे?

तमाशा ही कला आहे, असे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ. तो धंदाही आहे, पण त्याचे कागद बघायला कोणी जात नाही. मला ढोलकीचे वेड. त्यापायी यंदा पाडव्याला संगमनेरहून नारायणगावला गेले. तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. फलकावर बाईचा फोटो मोठा. आकडा ठरवायला बसलेले, मी पाहिले ते, सगळे पुरुष. मी ढोलकीची चौकशी केली, तर प्रश्न आला, "कोणासाठी, ताई?"

"बाया किती आणणार?" हे कमिटीवाले विचारत होते. त्यांना कपडे बदलायला आडोसा, संडास, बाळंतपणात पगार? एका तोंडून प्रश्न नाही.

बाईला व्यवहार कळत नाही म्हणता? मग संगमनेरच्या कांताबाई सातारकर आठवा. शिवाजीची भूमिका गाजवणाऱ्या कांताबाईंना १९६४ मध्ये तुकाराम खेडकर वारल्यावर फड नव्याने उभा करावा लागला. त्यांनी तो चालवून दाखवला. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, पण अखेरची वर्षे हलाखीतच गेली. पुरस्काराने पोट भरत नाही, लेखी हक्काने भरते.

मैत्रिणींनो, यात्रेची वर्गणी आपल्याही घरातून जाते. मग कमिटीच्या बैठकीत आपण का नाही? सुपारीच्या कागदावर प्रत्येक कलावंत बाईचे नाव, तिचा पगार आणि मुक्कामाची सोय लिहिल्याशिवाय वर्गणी द्यायची नाही, एवढे तरी यंदा ठरवू या.