भोसरीचा गुरुवार

डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलं की कॅलेंडर न बघता वार ओळखता येतो. सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमाराच्या फास्टला निदान दारातल्या दांड्याला हात लागतो. शुक्रवारी एखाद्या भाग्यवंताला चौथी सीटही मिळून जाते. मधले तीन दिवस मात्र जुनंच राज्य परत आलेलं असतं. ज्यांना जमतं ते आधी कल्याणपर्यंत 'रिटर्न' मारून बसून येतात. बाकीच्यांनी दारात लोंबकळायचं. वारांची ही उतरंड कोणी ठरवून केलेली नाही. हायब्रिडवाल्या कंपन्या म्हणाल्या, 'आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात या, बाकी घरून काम करा'. शनिवार-रविवारला जोडून सोमवार आणि शुक्रवार घरी बसावं, हे शहाणपण मग प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुचलं. लाखो माणसांना एकच शहाणपण सुचलं की त्याची गर्दी होते.

हायब्रिडवर गेली पाच-सहा वर्षं जोरात भांडण चालू आहे. दोन्ही बाजूंच्या तोफखान्यात दारूगोळा भरपूर आहे, पण या मंगळवार-बुधवारचं नाव त्यात कुठे ऐकू येत नाही. मालक म्हणतात पाच दिवस, कर्मचारी म्हणतात दोन, मनुष्यबळ विभाग तीनवर तडजोड करतो. सगळा वाद आकड्याचा. तो मुळातच चुकीच्या जागी चाललाय, असं माझं म्हणणं आहे.

आधी मालकांचा पूर्वपक्ष घेऊ. घरी बसलेला माणूस काम करत नाही, संस्कृती टिकत नाही, नवी पोरं शिकत नाहीत, असा तो आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना पाच दिवस कार्यालयात बोलावलं आणि पुढे वेतनातला बदलता हिस्सा हजेरीशी बांधला. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केलं. पुरावा मागितला की उत्तर येतं, 'आमचा अनुभव'. अनुभवाला मान आहेच, पण मोजलेलं काहीतरी आपल्याकडे आहे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. जन्मतारीख विषम असलेल्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम करण्याची मुभा, सम असलेल्यांना पाचही दिवस कार्यालय. २०२४ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले. कामाच्या मूल्यमापनात फरक नाही, बढतीत फरक नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलेलं. गंमत म्हणजे प्रयोगाआधी तिथल्या व्यवस्थापकांचाही अंदाज होता की काम खालावेल. प्रयोगानंतर त्यांनीच मत बदललं. आपल्याकडचे साहेब प्रयोगही करत नाहीत आणि मतही बदलत नाहीत.

पण म्हणून लगेच विजयाचे ढोल बडवायला नकोत. चेन्नईत डेटा एंट्रीचं काम करणाऱ्यांवर डेव्हिड ॲटकिन, अँटोइनेट शोअर आणि सुमीत शिंदे यांनी अभ्यास केला. संपूर्ण काम घरून करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयातल्यांपेक्षा १८ टक्के कमी निघाली. त्यातही ज्यांना घरूनच काम हवं होतं, त्यांचीच घसरण जास्त होती. हा आकडा मालकांच्या बाजूचा वाटतो, म्हणून तो लपवायचं कारण नाही. चेन्नईतला प्रयोग पूर्ण घरून कामाचा होता, चीनमधला दोन दिवसांचा. दोन्ही एकत्र वाचले तर कळतं की भारतीय घरात रोज कार्यालय थाटणं महागात पडतं, आणि आठवड्यातून दोन दिवस थाटलं तर कंपनीचं काही बिघडत नाही.

महागात का पडतं, हे वन-बीएचकेत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कोविडच्या दोन वर्षांत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मीटिंग करणारी माणसं मी पाहिलीत. मीही त्यांतलाच. मागे कुकरच्या शिट्ट्या, शेजारी मुलाची ऑनलाइन शाळा, आणि सासऱ्यांचा टीव्ही बंद करा असं कोणी सांगायचं यावरून नवरा-बायकोची खाणाखुणांची भाषा. त्यात बाईची गत वेगळीच. ती घरी आहे म्हटल्यावर घर धरून चालतं की ती मोकळी आहे. पाहुणे येतात, सिलिंडर येतो, मोलकरीण दांडी मारते. कार्यालयात निदान तिच्या टेबलावर कोणी भाजी निवडायला आणून ठेवत नाही. माझी एक सहकारी म्हणायची, 'लोकलमध्ये मला रोज तास-सव्वा तास कोणी हाक मारत नाही. तेवढाच माझा वेळ.' तेव्हा घर म्हणजे नंदनवन आणि ऑफिस म्हणजे तुरुंग, हे हायब्रिडभक्तांचं चित्र ज्यांच्या घरात वेगळी अभ्यासिका आहे त्यांनी काढलेलं आहे.

दुसरा आक्षेप शहराच्या कैवाऱ्यांचा. त्यांच्या मते माणसं घरी बसली तर शहर मरेल. सॅन फ्रान्सिस्कोत कार्यालयांची एक तृतीयांश जागा रिकामी पडली, आता मुंबई-पुण्याचा नंबर. हा धाक तर अगदीच पोकळ. २०२४ साली भारतातल्या मोठ्या शहरांत कार्यालयीन जागांच्या भाडेकरारांनी उच्चांक गाठला. परदेशी कंपन्यांची भारतातली केंद्रं वाढताहेत, त्यांना जागा हवी आहे. टेबलं आता कोणाच्या नावाची नसतात, खुर्ची ॲपवर बुक करावी लागते, एवढाच फरक. (मला स्वतःला हा प्रकार जरा अपमानास्पद वाटतो. बावीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाला चहाच्या कपाचा गोल डाग पडलेलं एक टेबल स्वतःचं असावं.)

मात्र या आक्षेपातला एक भाग खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. तो डबेवाल्यांचा. १८९० मध्ये सुरू झालेल्या या व्यवसायात कोविडपूर्वी पाच हजारांच्या आसपास माणसं होती. लोकल बंद झाली, कार्यालयं बंद झाली, मावळ-खेडकडची ही मंडळी गावी शेतीवर परतली आणि सगळी परत आली नाहीत. डबा महिन्याच्या बोलीवर चालतो. आठवड्यातून कधी दोन, कधी तीन दिवस येणाऱ्या माणसाच्या डब्याचा हिशोब बसत नाही. इथे हायब्रिडने एका माणसाच्या पोटावर पाय दिलाय, हे मान्य केलं पाहिजे. पण चहाची टपरी, पोळी-भाजी केंद्र, इस्त्रीवाला यांचा पैसा शहरातून नाहीसा झालेला नाही, त्याने पत्ता बदलला आहे. फोर्टात मंगळवार ते गुरुवार विकला जाणारा वडापाव सोमवारी डोंबिवलीत विकला जातो. आमच्या गल्लीत दुपारी बारा ते तीन पूर्वी शुकशुकाट असायचा, आता त्या वेळेत तीन पोळी-भाजी केंद्रं चालतात. कार्यालयं नरिमन पॉइंट आणि बीकेसीत कोंबायची आणि माणसं बदलापूर-विरारला झोपायला पाठवायची, ही रचना म्हणजेच शहर, असं ज्यांना वाटतं त्यांनी शहर मेल्याचा शोक करावा. मला ती रचना एरवीही पटलेली नव्हती.

इथवर सगळी चर्चा लॅपटॉप असलेल्यांची झाली. आता फलाटावर नजर टाका. शेजारी केईएमची परिचारिका उभी आहे, पलीकडे महापालिकेचा सफाई कामगार, मॉलमधली सेल्सगर्ल, वायरमन, शिपाई, काळबादेवीच्या दुकानातला नोकर. यांतल्या कोणालाच हायब्रिड मिळणार नाही. कोविडपूर्वी मुंबईच्या लोकलने रोज ऐंशी लाखांच्या घरात लोक जात. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात आणि रेल्वेकडे त्यासाठी खास इंग्रजी शब्दही आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली. मृत्यू झाले. सोमवारी, म्हणजे माझ्या हिशोबातल्या 'बऱ्या' दिवशी. बरा दिवसही किती बरा असतो, ते यावरून समजावं.

हायब्रिडची खरी बाजू मी इथे मांडतो. माझा वेळ वाचतो, पेट्रोल वाचतं, मुलांशी बोलणं होतं, हे फायदे खरे असले तरी खासगी आहेत. सार्वजनिक फायदा एकच आणि मोठा आहे: मी घरी राहिलो तर त्या परिचारिकेला पाय ठेवायला जागा होते. मात्र त्यासाठी मी योग्य दिवशी घरी राहायला हवं. रेल्वे, रस्ता, पूल, सगळं सर्वाधिक गर्दीच्या तासाला पुरावं लागतं. शुक्रवारी मोकळी राहिलेली जागा मंगळवारला उसनी देता येत नाही. हिंजवडीत हेच चालू आहे. वाकडच्या पुलाखाली, भूमकर चौकात मधल्या वारी जी रांग लागते तिला शुक्रवारच्या मोकळ्या रस्त्याचा काडीचा उपयोग नाही. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांना हे उमगलं. २०२५ मध्ये त्यांनी आयटी कंपन्यांना बुधवारी घरून काम द्या असं सुचवलं, कारण रिंग रोडवर बुधवार सर्वात जड.

आता कोणी म्हणेल, खासगी कंपन्यांचे वार सरकारने ठरवायचे? हे भलतंच! भलतं नाही, महाराष्ट्राला चांगलं ठाऊक असलेलं आहे. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसीत ती शुक्रवारी. रविवारी का नाही? कारण विजेच्या टंचाईच्या काळात सगळ्यांनी एकाच दिवशी यंत्रं चालवली आणि एकाच दिवशी बंद ठेवली तर भार पेलणार नाही, म्हणून विभागवार वार वाटून दिले. कामगार त्याला साधं 'स्टॅगरिंग' म्हणतात. भोसरीतल्या माणसाची बायको शाळेत शिक्षिका असली तर तिला रविवार, याला गुरुवार. कुरकुर झाली असेल, आजही होते. पण कारखान्यांची संस्कृती लयाला गेली, असं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही. विजेच्या तारेवरचा भार आपण वारांनी वाटला. रुळावरचा भार वाटायचा म्हटला की मात्र 'व्यक्तिस्वातंत्र्य' आठवतं.

मध्य रेल्वेने प्रयत्न केला, नाही असं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात स्वतःच्या मुंबईतल्या कार्यालयात कामाच्या दोन वेगवेगळ्या वेळा लावल्या आणि शेकडो कार्यालयांना पत्रं धाडली: तुम्हीही वेळा बदला. प्रतिसाद पत्राला मिळतो तितकाच मिळाला. वीज मंडळाच्या हातात स्विच होता, रेल्वेच्या हातात विनंती आहे.

'टीम एकत्र भेटायला हवी ना?' हा आक्षेप रास्त आहे. नव्या पोराला शेजारी बसूनच शिकता येतं, स्क्रीनवर नाही. पण सगळ्या शहराच्या सगळ्या टीम बुधवारीच भेटल्या पाहिजेत, असं कोणत्या व्यवस्थापनशास्त्रात लिहिलंय? बीकेसीने सोमवार-मंगळवार-बुधवार घ्यावे, लोअर परळने बुधवार-गुरुवार-शुक्रवार, हिंजवडीच्या तीन टप्प्यांनी आपसात फिरते वार. टीम पूर्ण भेटेल, फक्त शेजारच्या इमारतीतली टीम त्या दिवशी घरी असेल. कॅन्टीनमध्ये रांगही लहान. बुधवार तरीही जड राहील, हे मला दिसतं आहे. पण तीन जड दिवसांऐवजी एक, हा व्यवहार मी डोळे मिटून करीन.

आणि कंपन्यांना वार वाटण्याआधी सरकारने स्वतःपासून सुरुवात करावी, कारण दक्षिण मुंबईतल्या सर्वात मोठ्या मालकांपैकी ते स्वतः एक आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी होतीच, आता सगळ्याच शनिवारी झाली. त्याच वेळी निम्म्या विभागांना शनिवार आणि निम्म्यांना सोमवार देता आला असता. नागरिकांना आठवड्यातून सहा दिवस मंत्रालय उघडं मिळालं असतं आणि सोमवारच्या गाडीत थोडी हवा खेळली असती. फाइल आजही उघडता येईल. ती कोणत्या मजल्यावर आहे, तेवढं कोणी सांगितलं तर मी स्वतः जाऊन विचारीन. फक्त मंगळवारी जाणार नाही.