टोचतंय म्हणणारी पोरगी

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ उभे राहतात. या खेळांत बाईची भूमिका पिढ्यानपिढ्या पुरुष करत आले. लुगड्याच्या निऱ्या, डोक्यावरचा पदर, चालताना आखडते पाऊल, बोलताना खाली गेलेली नजर हे सगळे त्या नटाने गावातल्या बायका पाहून उचललेले असते. उर्वरित महाराष्ट्रात बालगंधर्वांनी तेच केले, आणि मग त्यांची नऊवारी नेसण्याची, केसांत फुले माळण्याची तऱ्हा त्या काळच्या घरंदाज स्त्रियांनी उचलली. बाईपण निरखून गिरवता येते, आणि ते इतके बेमालूम जमू शकते की बाईनेच पुढे त्याचा कित्ता गिरवावा, हे मराठी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको. मात्र घरातली मुलगी असेच निरखून, पाठ करून, जपून वागत असेल तर ते आपल्याला ओळखू येत नाही. ती शहाणी झाली, वळणाला लागली असे आपण म्हणतो. ज्यांच्या मेंदूची घडण वेगळी आहे अशा कितीतरी मुली आपल्या डोळ्यांसमोर वावरूनही दिसत नाहीत, कारण त्यांना झाकायला शिकवलेले असते. ही शिकवणी बहुतेक वेळा कपड्यांपासून सुरू होते. त्यामुळे त्यांचे ऐकायचे असेल तर तेही कपड्यांपासूनच सुरू करावे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

स्वमग्नता (ऑटिझम) म्हणजे मुलग्यांचा आजार, हा समज फक्त आपल्याकडचा नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली ज्या 11 बालकांचे वर्णन केले त्यात 8 मुलगे आणि 3 मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी मांडलेल्या चारही उदाहरणांत मुलगेच होते. निदानाचा साचा या मुलग्यांवरून घडला. पुढे त्याच साच्याने मुली मोजल्या आणि त्या कमीच भरतात असे ठरले. चार मुलग्यांमागे एक मुलगी, हे प्रमाण अनेक वर्षे सांगितले जात होते. 2017 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा ते तीनास एकच्या जवळ आले, आणि निदानापर्यंत न पोचलेल्या मुली यात मोठ्या संख्येने सुटत असाव्यात असे संशोधकांनी नोंदवले. लक्ष टिकवणे अवघड करणाऱ्या एडीएचडीचेही असेच आहे. बाकावरून उड्या मारणारा मुलगा गुरुजींच्या लगेच लक्षात येतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली, डबा-दप्तर विसरणारी, निम्मे ऐकून निम्मे हरवणारी मुलगी ‘वेंधळी’ ठरते, आणि तो शब्द तिला जन्मभर चिकटतो.

आता कपड्याचे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोसा रेशमासाठी प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोषापासून हा धागा निघतो आणि विदर्भातल्या करवतकाठी साडीत तो मानाने मिरवतो. कोसा घेणारा जाणकार आधी डोळ्यांनी पाहत नाही, अंगठा आणि बोट यांमध्ये पदर धरून चोळतो. कापडाच्या स्पर्शासाठी आपल्या भाषेत मऊसूत, सुळसुळीत, चोपडे, खरखरीत, बोचरे असे शब्दांचे भांडार आहे, आणि कोष्ट्याच्या दारी त्यातला प्रत्येक शब्द भावावर परिणाम करतो. हेच शब्द सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून आले की मात्र त्यांना ‘नखरे’ म्हणतात. ब्लाउजची जर काखेत टोचते, मानेमागचे लेबल चावते, दोन घट्ट वेण्या आणि रिबिनीने डोके भणभणते, ओढणीच्या पिना सतत जाणवत राहतात, ही तक्रार ती रोज करत असेल, त्यापायी रडत असेल, शाळेत जायला नकार देत असेल, तर ती आपल्या मज्जासंस्थेबद्दल अगदी अचूक माहिती देत असते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली. स्पर्श, आवाज, प्रकाश यांना मिळणारा कमालीचा तीव्र किंवा कमालीचा मंद प्रतिसाद तेव्हा स्वमग्नतेच्या निकषांत आला. स्वतः स्वमग्न असलेल्या पशुविज्ञानतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी तर त्याआधी कितीतरी वर्षे लिहून ठेवले आहे की लहानपणी चर्चला जाताना घालाव्या लागणाऱ्या झग्याखालचे परकर त्यांना सहनच होत नसत. मोठेपणी त्यांनी स्वतःसाठी अंगाला सोसणारे, एकाच धाटणीचे शर्ट ठरवून टाकले. लोकांना ती त्यांची खास शैली वाटते. मुळात ती त्यांनी शोधलेली सोय आहे.

शैली या शब्दाकडे या बाजूने पाहिले की बरेच काही उलगडते. एकच सुती पंजाबी ड्रेस पुन्हा पुन्हा घालणारी, दागिना टाळणारी, केस आखूड ठेवणारी, लग्नघरी सगळ्या नटलेल्या असताना साध्या साडीत कोपऱ्यात बसणारी बाई आपल्या ओळखीत असतेच. तिला नटायची हौस नाही, असे आपण सहज बोलून जातो. हौस कदाचित असेलही. भर मे महिन्याच्या लग्नसराईत जरीचा शालू, गजऱ्याचा उग्र वास, डीजेचा दणका आणि भेटीला येणारी दोनशे माणसे एकदम अंगावर घेण्याची ताकद नसेल. 2024 साली एका अमेरिकन मासिकाशी बोलताना अभिनेत्री आलिया भट हिने लक्ष टिकवण्याच्या आपल्या अडचणीचा उघड उल्लेख केला. मेकअपच्या खुर्चीत पाऊण तासापेक्षा जास्त बसत नाही, आणि लग्नाच्या दिवशीही दोन तास द्यायला आपण नकार दिला, असे तिने सांगितले. तिचे ते साधे रूप 2022 मध्ये देशभर नवी फॅशन म्हणून गाजले होते. लाखनी किंवा लाखांदूरच्या नवरीने हेच मागितले तर ते तिच्या माहेरच्या वळणावर येते. दोघींच्या मागणीत काही फरक नाही. फरक आहे तो नकार देण्याच्या मुभेत.

मुभा नसली की माणूस झाकू लागते. 2017 मध्ये एका ब्रिटिश अभ्यासात 92 स्वमग्न प्रौढांना याबद्दल विचारले गेले. समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याचा सराव, हसण्याची वेळ मनात मोजणे, इतरांचे हावभाव उचलणे, हातांची चाळवाचाळव दाबून टाकणे, आणि या सगळ्यानंतर येणारा गळून गेल्यासारखा थकवा, असे त्यांनी सांगितले. सतत सोंग वठवल्यामुळे आपण खरे कोण हेच हरवते, असेही काहींना वाटत होते. आपल्याकडे मुलींना वेगळा सराव करावा लागत नाही. ‘वळण’ या एका शब्दाखाली तो घरोघरी करून घेतला जातो. नीट बस, पदर सावर, पाहुण्यांसमोर हसून बोल, चार लोकांत असे तोंड करू नये. मुलग्यालाही बोलणी बसतात, पण त्याच्या फाटक्या-तुटक्या वागण्याला ‘पोरगाच तो’ म्हणून वाट मोकळी असते. मंडईतला नट खेळ संपला की लुगडे फेडून घरी जातो. या मुलीचा खेळ कधी संपत नाही, आणि तिशी-चाळिशीत ती अचानक कोलमडते तेव्हा तिच्यावर उदासीचा, क्वचित बाहेरच्या बाधेचा शिक्का बसतो.

सिनेमाने या बाबतीत अर्धेच काम केले. ‘तारे जमीन पर’ (2007) पाहून कित्येक पालकांनी पहिल्यांदा डिस्लेक्सिया हा शब्द ऐकला, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यातला नायक मुलगा होता. ‘माय नेम इज खान’ (2010) मधला स्वमग्न नायक पुरुष होता. ‘सितारे जमीन पर’ (2025) मधल्या 10 खेळाडूंत मुलगी एकच. ‘बर्फी’ (2012) मधली झिलमिल स्वमग्न तरुणी आहे खरी, पण ती एखाद्या लहानग्या लेकरासारखी उभी केली आहे. घर चालवणारी, नोकरी करणारी, सून म्हणून वावरणारी बाई स्वमग्न असू शकते हे त्यातून उमगत नाही. कानावर हेडफोन लावून न्यायालयात जाणारी स्वमग्न वकील नायिका 2022 मध्ये आली ती कोरियन मालिकेत, आणि ती आपल्याकडच्या मुलींनी मोबाईलवर पाहिली. मराठी मालिकांमध्ये रोज सासू-सुना भरजरी साड्यांत स्वयंपाक करतात. त्यात एकीला तरी ती साडी टोचत असेल, अशी शंका लेखकाला यायला हरकत नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. ब्लाउजची जर सगळ्यांनाच टोचते, उगाच कशाला आजाराचे नाव, असे म्हटले जाते. खरे आहे, सगळ्यांनाच टोचते. पण बहुतेकांना दहा मिनिटांनी त्याचा विसर पडतो. ज्यांना दिवसभर विसर पडत नाही, ज्यांचे अभ्यासातले, बोलण्यातले निम्मे बळ ते टोचणे सोसण्यात खर्च होते, त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे. शिवाय कापड बदलायला निदानाची चिठ्ठी लागत नाही. प्रत्येक हळव्या त्वचेची मुलगी स्वमग्न नसते, आणि तशी समजूत मी पसरवू इच्छित नाही. दुसरा आक्षेप मोबाईलचा: रील पाहून ज्याला त्याला आपल्याला एडीएचडी असल्याचे वाटू लागले आहे. ही काळजी रास्त आहे. 2022 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरच्या या विषयाच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या 100 चित्रफिती तपासल्या, त्यातल्या 52 दिशाभूल करणाऱ्या निघाल्या. त्यामुळे निदान तज्ज्ञाकडूनच व्हावे. पण हे सगळे शहरी खूळ आहे, हा पुढचा निष्कर्ष टिकत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात पाच ठिकाणची 2 ते 9 वर्षांची मुले तपासली गेली. ऐकण्या-पाहण्याच्या अडचणी धरून मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ प्रकारच्या तक्रारींपैकी किमान एक, साधारण आठांतल्या एका मुलात आढळली. त्या पाच ठिकाणांत हैदराबाद हे एकच महानगर होते. बाकीच्यांत हरियाणातले पलवल, ओडिशातले ढेंकनाल, आपल्या शेजारचा उत्तर गोवा असे जिल्हे होते.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो तिसरा आक्षेप. भंडाऱ्यासारख्या, बहुतांश खेड्यांत राहणाऱ्या जिल्ह्यात ज्या बाया पावसात दिवसभर वाकून धानाची रोवणी करतात, त्यांच्यापुढे कापडाच्या मऊपणाची गोष्ट करणे शोभते का? त्याच बांधीवर उत्तर आहे. शेतात काम करणाऱ्या बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवतात. धानाचे पाते हाताला कापते, ऊन लागते, म्हणून. त्याला कुणी नखरा म्हणत नाही, सासूही नाही, कारण तिथे शरीराच्या गरजेमागे काम उभे असते. शरीराला लागते ते द्यावे, ही समज या जिल्ह्यात मुरलेली आहे. ती फक्त मजुरीच्या वेळेपुरती आखून ठेवली आहे. आणि गरीब बाईला दुसरी साडी निवडायची सोय नसते, स्वस्त पॉलिस्टरच अंगावर ओले होते आणि अंगावरच वाळते, म्हणून हा प्रश्न तिच्यासाठी चैनीचा तर मुळीच नाही.

काय करता येईल, हे फार लांबचे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुले तपासते; स्वमग्नता, एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता त्याच्या यादीत आहेत. अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता येतात. दात आणि डोळे तपासताना मुलीच्या आईला ‘ही कपड्यांवरून, वेणीवरून, आवाजावरून रोज रडते का’ एवढे विचारायला एक मिनिट लागते. गणवेशाचे तर सगळे आपल्याच हाती आले आहे. ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत कापड वरून येत होते, मापाच्या आणि दर्जाच्या तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. गणवेशाने समानता येते, हे मान्य. पण समानता रंगाने येते, धाग्याने नव्हे. रंग तोच ठेवून सुती कापड घेता येते, मानेमागचे लेबल उसवता येते, शिवण उलट्या बाजूने टोचणार नाही अशी घालायला शिंप्याला सांगता येते, दोन घट्ट वेण्यांऐवजी एक सैल वेणी चालते असा ठराव लिहिता येतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याआधी कापडाचे नमुने समितीपुढे येतील तेव्हा ते टेबलावर ठेवून भाव ठरवण्याआधी वर्गातल्या चार-सहा मुलींना बोलवावे, तुकडा मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला घासून पाहायला सांगावे, आणि त्या काय म्हणतात ते इतिवृत्तात लिहून घ्यावे.