तमाशा कुणी मांडला?

बाई चारचौघांत मोठ्याने बोलली की तिला सांगतात, ‘तमाशा मांडू नको.’ नवऱ्याने मारल्याची तक्रार घेऊन ठाण्यावर गेली तर ‘नाटकं करते’. आजारी पडली तर ‘सोंग’, हसली तर ‘नखरे’, रागावली तर ‘थयथयाट’. हे सारे शब्द नाचगाण्याच्या आणि नाटकाच्या प्रांतातले. बाईला गप्प बसवायला आपल्या समाजाने अख्खी रंगभूमी कामाला लावली आहे!

वर्ध्यात १९९७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाटकाचे शिक्षण मिळते. महाविद्यालयांतल्या मुली पथनाट्ये बसवतात. या विद्यार्थ्यांना परिभाषा शिकावी लागते. गण म्हणजे गणेशवंदना, गवळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग, बतावणी म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, वग म्हणजे कथानाट्य. अर्थ बरोबर आहेत, पण अर्धेच आहेत. शब्दाच्या मागे कोण उभे आहे, ते या यादीत नसते.

‘खडी गंमत’ घ्या. ही आपल्या विदर्भाची कला. उभ्याने सादर होते म्हणून खडी. डफ-ढोलकीच्या साथीवर शाहीर गातो आणि परंपरेने बाईचे काम करतो तो पुरुष, म्हणजे नाच्या. तमाशाच्या गवळणीतली ‘मावशी’ही पुरुषच. बाईचे सोंग पुरुषाने घेतले तर ती कला. खरी बाई फडावर उभी राहिली तर तिची अब्रू गेली. अर्थात नाच्यालाही गावाने मानाने जगू दिले नाही, कारण बाईसारखे असणे हीच मुळी शिवी! पवळा हिवरगावकर, विठाबाई नारायणगावकर या दलित स्त्रियांनी तमाशाचे फड गाजवले. त्यांना टाळ्या मिळाल्या, शिट्ट्या मिळाल्या, पण ‘घरंदाज’ हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही. ‘दौलतजादा’ म्हणजे प्रेक्षकाने दिलेले बक्षीस, असे यादी सांगते. पैसे देताना हात किती वेळ धरून ठेवला जाई, हे सांगत नाही.

कुणी म्हणेल, परीक्षेपुरते अर्थ पुरेत, त्यात राजकारण कशाला? पण शब्द परीक्षेपुरते राहत नाहीत. याच विदर्भात, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला, तेव्हा सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. ‘बाई नाटक करते’ हे केवळ पारावरचे बोलणे नव्हे, ते निकालपत्रातही उतरते.

त्या निकालाविरुद्ध १९८० साली बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ उभे केले. बायकांनी लिहिले, बायकांनी गायले, बायकांनी केले. ज्या शब्दाने आपल्याला हिणवले, तोच आपण हत्यार म्हणून उचलला. हो, करतो आम्ही नाटक. या, बघा!

म्हणून शिबिरात परिभाषा शिकवताना प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द कोणी वापरला? कोणावर वापरला? बाईसाठी त्याचे रूप काय? संस्कृत नाटकात सूत्रधार खेळ चालवतो, आणि ‘नटी’ ही त्याची बायको असते. ‘शाहीर’ला स्त्रीरूपच नाही, ‘महिला शाहीर’ म्हणावे लागते. पथनाट्यात मुलीने डफ हातात घेऊन सूत्रधाराचे काम केले की व्याकरणही हलते.

आजच्या मुली स्ट्रीट डान्स शिकतात. त्यात ‘सायफर’ म्हणजे नाचणाऱ्यांचे रिंगण. एकेकाने मध्ये यायचे, बाकीच्यांनी भोवती उभे राहून दाद द्यायची. पथनाट्याचाही गोलच असतो. शब्द न्यूयॉर्कचा असो की आर्वीचा, मैत्रिणींनो, विचारायचे एवढेच की त्या गोलाच्या मध्ये कोण आहे, आणि आपल्या मुली कडेलाच टाळ्या वाजवत उभ्या आहेत का?