रझा पॅरिसच्या प्रेमात पडले, त्यात गुरुजींचा काय संबंध?



चित्रकार सय्यद हैदर रझा यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या एकेका चित्राची किंमत कोटींत जाते, ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचते. पण त्यांचा आपल्या मुलखाशी असलेला संबंध सहसा कोणी सांगत नाही. १९२२ साली ते मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्मले. वडील जंगल खात्यात. त्या काळी मंडला, नागपूर, अकोला हे सगळं एकाच प्रांतात होतं, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे आपल्या पातूरचं पोरगं आणि रझा एकाच सरकारच्या शाळांत शिकले असं म्हटलं तरी चालेल. पुढे १९३९ ते ४३ ते नागपूरच्या कलाशाळेत होते, मग मुंबईला जे. जे. मध्ये.

मुंबईतच त्यांना पॅरिसचा ध्यास लागला. १९४८ मध्ये काश्मीरात त्यांना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहिली आणि सरळ सांगितलं की तुमच्याकडे गुण आहे, पण चित्राची बांधणी कच्ची आहे, सेझानचा अभ्यास करा. दुसरा कोणी रुसून बसला असता. रझा मुंबईत फ्रेंच भाषा शिकायला बसले! फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० साली पॅरिस गाठलं. गेले ते साठ वर्षं तिकडेच राहिले. तिथल्याच चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी लग्न केलं. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळवला.

एखाद्या शहराच्या एवढं प्रेमात पडावं असं पॅरिसमध्ये होतं तरी काय? आयफेल टॉवर म्हणाल तर तो फोटोपुरता. मला वाटते खरं कारण वेगळं आहे. तिथलं लूव्र संग्रहालय १७९३ साली लोकांसाठी उघडलं, आणि तेव्हापासून तिथे चित्रासमोर घोडा मांडून त्याची नक्कल करायची मुभा आहे. अट एवढीच की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको. आपल्याकडे नक्कल म्हटलं की पेपर ओढून घेतात, तिथे ती शिकण्याची रीत आहे. चित्र काढणारा माणूस रिकामटेकडा नाही, तो कामावर आहे, हे ज्या शहराला कळते त्या शहराच्या प्रेमात माणूस पडणारच.

आता गुरुजींचा संबंध सांगतो. रझा प्राथमिक शाळेत होते तेव्हा त्यांचं अभ्यासात चित्त लागत नसे. नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी काय केलं? शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हणाले, बाकी सगळं विसर अन् याच्याकडे पाहत बैस. छडी नाही, पालकांना चिठ्ठी नाही. पॅरिसमध्ये तीसेक वर्षं काढल्यावर, नाव झालं, पैसा झाला, तेव्हा रझांना प्रश्न पडला की माझ्या चित्रात माझं काय आहे? आणि मग कॅनव्हासवर आला तो काळा बिंदू. १९८१ च्या त्यांच्या ‘माँ’ या चित्रात तो बिंदू आहे, आणि शेजारी देवनागरीत लिहिलेली एक ओळ. ही गोष्ट ते स्वतः पुन्हा पुन्हा सांगत.

यावर काही जण लगेच म्हणतात, पहा, शेवटी आपलीच माती कामी आली, पॅरिसला जायची गरजच काय होती? मला हे पटत नाही. बिंदू मंडल्याचा होता, पण तो कागदावर कुठे ठेवायचा, त्याभोवती रंग कसे बांधायचे, हे पॅरिसनं शिकवलं. एकाचं श्रेय दुसऱ्यानं कापू नये. दूरच्या शहरावर जीव लावणं ही गावाशी बेइमानी नाही. रझांनी भारतीय पासपोर्ट सोडला नाही, पत्नी गेल्यावर काही वर्षांनी, २०१० च्या शेवटी, परत आले. २०१६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

आपल्याकडे मात्र वेळापत्रकातली चित्रकलेची तासिका सर्वात आधी गणिताला जाते. पालकही विचारतात, “चित्रं काढून पोट भरते काय गुर्जी?” प्रश्न खोटा नाही, कापसाचा भाव ज्यानं पाहिला तो असंच विचारीन. पण माझं म्हणणं एवढंच की लेकराला एका जागी बसून नीट पाहता येणं, ही गोष्ट गणितालाही लागते.

पातूरला डोंगरात कोरलेली लेणी आहेत. लेकरं सहलीला जातात, सेल्फी काढतात, चिवडा खातात अन् येतात. येत्या आनंददायी शनिवारी मोबाईल शाळेत ठेवा, प्रत्येकाला एक कोरा कागद अन् पेन्सिल द्या, आणि लेणीतला एकच कोपरा वीस मिनिटं पाहून मग काढायला सांगा. चित्र कसंही येऊ द्या. खोडरबर मात्र देऊ नका, नाहीतर सारा वेळ खोडण्यातच जाते.