फुकट तिकिटाचं हसू

'लेट नाइट' शो रात्री होतच नाहीत मुळी! २००९ मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिड लेटरमनचं चित्रीकरण बघितलं ते चहाच्या वेळी. टीव्हीवर तेच रात्री ११:३५ ला. ब्रॉडवेवरचं एड सलिव्हन थिएटर (१९६४ मध्ये बीटल्स इथेच वाजवून गेले), तिकीट फुकट.

फुकट कसलं हो, तिथे काम करावं लागतं! आत सोडण्याआधीच बजावतात, मोठ्याने हसा. मग कार्यक्रमाआधी एक विनोदवीर येऊन आपल्याला 'तापवून' जातो. त्यात थिएटरात हा गारठा, लेटरमनचा तसा आग्रहच असायचा. मे महिन्यात कुडकुडत टाळ्या वाजवल्या.

एक मित्र म्हणतो, म्हणजे ते हसणं खोटंच की. मला नाही पटत. विनोद सांगणाऱ्याला पुढचं वाक्य कधी टाकायचं हे हशाच सांगतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे प्रेक्षक बंद झाले. त्याच थिएटरात स्टीफन कोल्बेर मोजक्या स्टाफसमोर बोलला, मग तर घरी बाथटबात बसून. माणूस तोच, लिहिणारेही तेच, पण प्रत्येक विनोदानंतरची ती शांतता... बघवत नव्हतं. बिचारा स्वतःच हसून वेळ मारून न्यायचा.

जून २०२१ मध्ये प्रेक्षक परतले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्याला सुरुवातच करू देईनात. खोटं हसू म्हणणाऱ्यांनी आधी ते बघावं, मग बोलू.