'देशी' हा शब्द कुणाचा?

मराठीच्या वर्गात 'देशी' हा शब्द उच्चारला की पाठोपाठ भालचंद्र नेमाडे यांचे नाव येते, मग मार्गी-देशी हा भेद, मग महानुभाव गद्यापासून लोककथेपर्यंतची परंपरा. एम. ए.च्या प्रश्नपत्रिकेत देशीवादावर टीप विचारली जाते आणि विद्यार्थी ती बऱ्यापैकी लिहितातही. आमच्या देवगाव रंगारीच्या परिसरातून, कन्नड-वैजापूरच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्याने हा शब्द मात्र फार आधी, अक्षरओळख होताच, वाचलेला असतो : 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. हे दोन 'देशी' त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांची एकदा गाठ घालून द्यावी असे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना वाटत नाही. नेमाडे यांनी आमच्याच विद्यापीठात काही वर्षे शिकवले, 1980 च्या दशकात देशीवादाची मांडणी केली, तिच्यावर परिसंवादांचे ढीग पडले. पण पाटीवरचा शब्द आम्ही उत्पादन शुल्क खात्याकडे सोपवून मोकळे झालो.

त्या पाटीमागच्या बाटलीत देशी काय असते? साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेले मद्यार्क, पाणी, रंग आणि वास. नाव संत्रा असले तरी त्यात नागपूरच्या बागेचा संबंध नसतो. शेजारच्या दुकानातल्या 'भारतीय बनावटीच्या विदेशी मद्या'चा पायाही पुष्कळदा हीच मळी असते. 'भारतीय बनावटीचे विदेशी' हा प्रयोग अर्थविज्ञानाच्या तासाला उदाहरण म्हणून का वापरला जात नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात 'महाराष्ट्र मेड लिकर' अशी धान्याधारित नवी जात घातली आणि 180 मिलीच्या बाटलीच्या किमान किमती ठरवल्या : देशी 80 रुपये, महाराष्ट्र मेड 148, भारतीय बनावटीचे विदेशी 205, उंची विदेशी 360. माणूस आपल्या मातीपासून जितका दूर जाईल तितका त्याचा भाव चढतो, हे वसाहतवादोत्तर समीक्षेचे प्रमेय इतक्या स्वच्छ आकड्यांत आम्ही दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

जे खरोखर देशी होते त्याचे काय झाले, हा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क गावाकडून काढून मक्त्याकडे नेला. पुढे 1892 मध्ये मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा झाला. ज्या झाडाचे फूल आदिवासी घरात अन्न, औषध आणि देवाचा नैवेद्य होते, ते साठवणे हाच संशयाचा विषय ठरला. स्वराज्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला, दारूबंदी सैल झाली, परवाने वाटले गेले. मोहाच्या फुलांवरचे निर्बंध मात्र महाराष्ट्रात 2021 साली शिथिल झाले. तोवर मोहाची दारू 'हातभट्टी' या एका शब्दात, नवसागर टाकलेल्या विषाच्या शेजारी, ढकलली गेली होती. आमचा शेजारी गोवा काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवतो आणि 2016 मध्ये तिला राज्याचे वारसा-पेय म्हणतो. काजू तिथे पोर्तुगिजांबरोबर आला, तरीही.

हा 'तरीही' महत्त्वाचा आहे. देशीपण मुळाच्या दाखल्यात शोधणारे विद्वान आमच्या क्षेत्रात कमी नाहीत, त्यांच्यासाठी एक कथा. कॅलिफोर्नियात 'झिनफंडेल' नावाच्या काळ्या द्राक्षाची वाइन अस्सल अमेरिकन म्हणून मिरवत होती. कॅरोल मेरेडिथ या अमेरिकी संशोधक आणि झाग्रेबचे इवान पेयिच व एदी मालेतिच यांनी 2001 मध्ये जनुकीय तपासणीने दाखवले, की हे द्राक्ष म्हणजे क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, स्प्लिटजवळच्या एका जुन्या मळ्यात मोजक्या वेलींवर तग धरून राहिलेले 'त्सरल्येनाक काश्तेलान्स्की'. घरी विसरले गेलेले, परदेशात दुसऱ्या नावाने प्रतिष्ठित झालेले. याच द्राक्षाचे एक अपत्य 'प्लावात्स माली' ('छोटे निळे' एवढाच त्या नावाचा अर्थ) डाल्मेशियात घरोघरी प्यायले जाते. डिंगाचच्या उतारावरचे महाग असते, हे खरे. पण साधे प्लावात्स रोजच्या जेवणातले, स्वस्त, मासळीबरोबर किंवा मटणाबरोबर घ्यायचे तांबडे पेय आहे. त्यात पाणी घालून पितात, त्याला 'बेवांदा' म्हणतात, आणि पाणी घातले म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

आता नाशिककडे वळू. आमच्या जिल्ह्याला लागूनच आहे. तिथे 'सुला'च्या मळ्यात तेच झिनफंडेल पिकते, म्हणजे क्रोएशियातले खेडवळ द्राक्ष अमेरिकी नाव घेऊन गोदावरीच्या खोऱ्यात उतरले आहे. कंपनीचे नाव संस्थापकाच्या आईच्या, सुलभाबाईंच्या, नावावरून आलेले. सुलभ ते फक्त नावापुरते : द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत ती बाटली येत नाही. खायच्या द्राक्षांच्या बाबतीत आमच्या शेतकऱ्याने वेगळे केले. थॉमसन सीडलेस परक्या देशातून आली. तिच्यातून निवडलेल्या वाणांना त्याने तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशी नावे दिली, आठवडी बाजारात पाटीवर विकली, नातवंडांना खाऊ घातली. चार दशकांत ती इतकी देशी झाली की मूळ विचारायचे कुणाला सुचत नाही. वाइनच्या द्राक्षाला हे भाग्य लाभले नाही, आणि याचे कारण हवामानात नाही. दौलताबादेला द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद इब्न बतूताने 14 व्या शतकात करून ठेवली आहे. अर्थात परदेशी मद्याची चटकही जुनीच. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' सांगतो, की पैठण-तेरचा माल ज्या भडोच बंदरात जाई तिथे मद्यांमध्ये इटलीच्या मद्याला पहिली पसंती होती.

कारण, आमच्या मते, भाषेत आहे. मराठीत मद्याला दोनच आसने आहेत. एक 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'ने घालून दिलेले : पहिला घोट आणि सुधाकराचा सर्वनाश यांच्या मधे पायरीच नाही. गडकऱ्यांच्या थोरवीबद्दल आम्हाला शंका नाही, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ मराठी विनोदातला मानाचा तुकडा आहे. पण तो आम्ही शंभर वर्षे एवढा पाठ केला की रोजच्या, मोजक्या, जेवणाबरोबरच्या पेल्याचे चित्रण करायला मराठी गद्याजवळ सूर उरला नाही. दुसरे आसन इंग्रजी लेबलाचे. जानेवारी 2022 मध्ये किराणा-सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा ही दोन्ही आसने समोरासमोर आली. एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे सांगितले गेले, दुसऱ्या बाजूने 'मद्यराष्ट्र' हा शब्द घडवला गेला, आणि निर्णय अमलात आलाच नाही. 'दारू नव्हे' म्हणणाऱ्यांना विचारायला हवे होते : मग मोह काय आहे? तो का दारू? कारण तो इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून?

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानत नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. या मतदानामागे मार खाल्लेल्या पाठी आणि मोडलेले संसार आहेत. त्यांच्यापुढे द्राक्षांची वंशावळ वाचून दाखवणे निर्लज्जपणाचे ठरेल. दारू वाढावी असे आमचे म्हणणेही नाही. पण त्या बायकांनी आडवी केलेली बाटली कोणती, हे पाहा : मळीची, कारखान्याची, परवान्याची, आणि नावाने 'देशी'. तिच्यातल्या कशालाही गावाने जन्म दिलेला नाही. गावाच्या वाट्याला आला तो शब्द, आणि शब्दाबरोबर आलेली बदनामी.

मराठी समीक्षा 'आस्वादक' म्हणवते. तिचे शब्द जिभेवरून आलेले : रस, आस्वाद, रुची, संस्कृत काव्यशास्त्रात तर द्राक्षापाकच आहे. तरी नाशिकच्या तांबड्या वाइनच्या वर्णनात परदेशी बोरांची नावे येतात, आणि करवंद, पिकलेले जांभूळ, मिरी, ओल्या मातीचा तुरटपणा यांतले एकही तिच्यासाठी कुणी मराठीत लिहिलेले नाही. 'पहिल्या धारेची' हा एवढा नेमका शब्द गावाने तयार केला, तो आम्ही फक्त विनोदासाठी वापरतो. बोलीच्या अभ्यासपत्रिकेत दरवर्षी शब्दसंग्रहाचा प्रकल्प असतो. लग्नाची गाणी आणि शेतीची अवजारे यांच्या याद्या विद्यार्थी वर्षानुवर्षे आणून देतात. यंदा आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही मोह वेचण्या-वाळवण्याचे, द्राक्षछाटणीचे आणि गाळण्याचे शब्द आणायला सांगणार आहोत. अभ्यासमंडळाची हरकत आली तर ती लेखी मागू.